सावलीत वाढणारे माड

प्रश्न : लेकीकडे ब्रिस्बेनला गेले होते. एका रविवारी तिनं टॅम्बोरीन डोंगरावरच्या जंगलात सहलीला नेलं. डबे उघडून बसलो तिथं भर दुपारी सांजावल्यासारखं वाटत होतं आणि भोवती माडासारखी उंच, सरळ झाडं. आपला माड समुद्रकाठच्या उन्हात पोसतो. मग ही झाडं अशा सावलीत जगतात कशी?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : तुम्ही पाहिलेली झाडं बहुधा ‘पिकाबीन’ पामची असावीत. क्वीन्सलँडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान १९०८ साली याच डोंगरावर झालं आणि तिथल्या ओल्या घळींत पिकाबीनची दाट राई आहे.

माड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नारळ येतो, पण या कुळात नारळ हा अपवाद आहे. जगात पामच्या सुमारे २,५०० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक उष्ण प्रदेशांतल्या पावसाळी जंगलांत वाढतात. उन्हाची सवय नारळाला, सावलीची सवय त्याच्या बहुतेक भावंडांना.

याचा पुरावा तुमच्या वाडीतच आहे. पोफळीचं रोप आपण उघड्यावर लावत नाही, केळीच्या नाहीतर नारळाच्या आडोशाला लावतो. मोठ्या झालेल्या पोफळीचंही खोड पश्चिमेच्या उन्हानं करपू नये म्हणून त्याला झावळ्या बांधतात. पिकाबीन दिसायला पोफळीसारखाच आहे: तसंच वळ्यावळ्यांचं सडपातळ खोड, शेंड्याखाली तसाच हिरवा गुळगुळीत भाग. पोफळीच्या विरीचं जसं आपण भांडं करतो, तसं तिथले मूळ रहिवासी पिकाबीनच्या विरीत पाणी वाहून नेत.

आता सावलीत जगण्याची युक्ती. आंब्या-फणसाचं खोड वर्षानुवर्षं जाड होत जातं. पामच्या खोडाला तशी सोय नसते. त्यामुळे रोप आधी जमिनीलगत राहून खोडाची रुंदी भरून घेतं आणि मगच उंच व्हायला लागतं. या काळात त्याला फार उजेड लागत नाही. फांद्या पोसायच्या नसतात. मोजकीच पण मोठी पानं पसरून, वरून झिरपणारा तुटपुंजा उजेड ते गोळा करतं. एखादा मोठा वृक्ष कोसळून वर आभाळ मोकळं झालं, की अशी तयार रोपं भराभर वर सरकतात. घळीतल्या पाणथळ मातीचा पिकाबीनला त्रास होत नाही, इतर पुष्कळ झाडांना होतो. म्हणून अशा जागी त्याचीच राई माजते.

काही जातींनी वेगळा मार्ग काढला. वेत हाही पामच! तो खोड जाड करण्याच्या भानगडीत पडत नाही. काट्यांच्या आकड्यांनी दुसऱ्या झाडांना धरून उजेडाकडे चढतो. तो टॅम्बोरीनच्या जंगलात आहे आणि आपल्या सिंधुदुर्ग-गोव्याच्या रानांतही आहे. सह्याद्रीतला भेरली माडही असाच दाट रानात मोठा होतो. मग शेंड्याकडून खाली एकेक फुलोरा सोडत जातो आणि शेवटचा फुलोरा पिकला की वठतो.

पुन्हा लेकीकडे जाल तेव्हा त्या राईत बसण्यापूर्वी पायांखाली जरूर पाहा. पोफळीच्या रोपाला येतात तशी दुभंगलेल्या टोकाची इवली पानं जमिनीवर दिसतील. गवत समजून त्यांवर चटई पसरू नका. पामच्या एका खोडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो चेंगरला तर बाजूनं नवा धुमारा फुटत नाही, रोप मरतं. ज्या गार सावलीत तुम्ही जेवलात ती देणारी झाडंही कधीकाळी अशीच वीतभर उंचीची होती आणि वरचं आभाळ उघडण्याची वाट पाहत वर्षानुवर्षं तिथंच उभी होती.