वर्ध्यात बसून शृंगारकथा

मी दिवाळी अंकांत टोपणनावानं शृंगारकथा लिहिते, हे वर्ध्यात मोजक्याच लोकांना ठाऊक आहे. ज्या बापूंच्या एकादश व्रतांत ब्रह्मचर्य होतं, त्यांचं सेवाग्राम आमच्या घरापासून लांब नाही. त्यामुळे या उद्योगाची मला स्वतःलाच गंमत वाटते. नव्यानं लिहिणारे काही जण कथा वाचायला पाठवतात. त्यांना जे सांगते, तेच इथे देते.

१. आधी गाथासप्तशती वाचा. सातवाहन राजा हालानं जमवलेल्या या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथा स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली मराठीत आणल्या. त्यात एक वाटसरू ओंजळीनं पाणी पितोय. नजर पाणी घालणाऱ्या तरुणीकडे, आणि बोटं मुद्दाम सैल सोडलेली, म्हणजे पाणी गळत राहावं. तीही धार बारीक बारीक करत जाते. एवढंच. कुणी कुणाला हात लावलेला नाही. आपला नवा लेखक पहिल्याच परिच्छेदात कपडे उतरवतो, मग तिसऱ्यात त्याच्याजवळ सांगायला काही उरत नाही.

२. अडचण शोधा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. घरात कूलर एक, त्याच्यासमोर सगळं घर ओळीनं आडवं झालेलं. नवं जोडपं ओळीच्या दोन टोकांना, मधे सासू आणि नणंद. कूलर घरघरतोय तोवर कुजबुज खपून जाते. लाइट गेली की अख्खं घर जागं. मग गच्चीवर पाणी शिंपडायला कोण जाणार, आणि मागून बादली घेऊन कोण? यात जेवढी कथा आहे तेवढी गोव्याच्या रिसॉर्टमध्ये नाही. तिथल्या खोलीला आतून कडी असते, आणि कडी लागली की ताण संपला.

३. पात्रं आर्वी-हिंगणघाटची असतील तर ऐन वेळी त्यांना पुणेरी बोलायला लावू नका. "काय करून राहिले तुम्ही, आत्याबाई जाग्या हायेत न!" या वाक्यात लाज आहे, दटावणी आहे आणि आमंत्रणही. अवयवांची यादी मात्र डॉक्टरच्या रिपोर्टातच राहू द्या.

४. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कथांत बाईला देह असतो, इच्छा नसते. तिला काय हवंय, कधी हवंय, कधी नकोय, हे लेखकालाच माहीत नसतं. 'नाही म्हणाली म्हणजे हो' हा जुना माल आता कुणी घेऊ नये. आणि पात्रं सज्ञान हवीत, यात तडजोड नाही.

५. शेजारीण, ऑफिसातली बाई, वहिनीची मैत्रीण कथेत आणू नका. नाव बदललं तरी गाव ओळखतं.

६. कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांचा खटला माहीत असू द्या. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' आली: निशिकांत आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया. अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयानं २५ रुपये दंड केला. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट १९६९ मध्ये निर्दोष सुटले. न्यायालयाचं म्हणणं असं, की कथा अख्खी वाचून ठरवायचं, सुटी वाक्यं उचलून नाही. आणि लैंगिकतेचा नुसता उल्लेख अश्लील मानला तर तरुणांना धार्मिक पुस्तकांखेरीज काही वाचताच येणार नाही. पण त्याच निकालात असंही सुचवलं, की ही कथा उच्च दर्जाची नसली, अपरिपक्व किंवा अभिरुचीहीन असली, तरी तेवढ्यानं ती अश्लील ठरत नाही. सुटका झाली खरी, पण लेखक म्हणून मला हा शेरा २५ रुपयांहून महाग वाटतो. त्याच वर्षी काकोडकरांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरचा 'दो रास्ते' पडद्यावर आला आणि तुफान चालला.

तेव्हा दंडविधानाचं कलम २९२ होतं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं २९४ आहे, आणि ऑनलाइन मजकुराला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७. कथा संपादकाकडे पाठवण्याआधी ही दोन्ही कलमं एकदा वाचून घ्या.