अपडेटनंतर बंद पडणारा घरचा संगणक : निदानाची रीत

एप्रिलचा अखेरचा आठवडा हा प्राथमिक शिक्षकाच्या दृष्टीने अत्यंत धांदलीचा काळ होय. निकालपत्रके, प्रगतिपुस्तके, पुढील वर्षाच्या पटाची तयारी ही सर्व कामे एकदम अंगावर येतात आणि पुष्कळ शिक्षक ती शाळा सुटल्यावर घरच्या संगणकावर उरकतात. अशा दिवसांत रात्री संगणकाने अपडेट चालू असल्याची सूचना द्यावी, आणि सकाळी पाहावे तो पडदा निळा होऊन संगणक पुन:पुन्हा आपोआप बंद-चालू होत राहावा, हा प्रसंग अनेकांच्या वाट्यास आला असेल. पुढे काय होते तेही बहुधा ठरलेले असते. संगणक तालुक्याच्या गावी दुकानात जातो. दुकानदार 'फॉरमॅट मारावा लागेल' असे सांगतो. दोन दिवसांनी संगणक चालू होऊन परत येतो. परंतु त्यातील चौथीच्या वर्गाचे वर्षभराचे गुण, पाठांची टाचणे आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रे परत येत नाहीत. दुकानदाराचा यात दोष थोडाच. त्याला अर्ध्या तासात गिऱ्हाईक मोकळे करावयाचे असते. मजकुराची काळजी ज्याची त्यानेच वाहावयास हवी, आणि त्यासाठी निदानाची रीत शिक्षकास ठाऊक असली पाहिजे. पुढील विवेचन विंडोज १० व ११ या प्रणालींना धरून केले आहे, कारण घरगुती संगणकांवर त्याच अधिक आढळतात.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'अपडेटनंतर बिघडला' आणि 'अपडेटमुळे बिघडला' ही दोन विधाने एक नव्हेत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, तर फांदी कावळ्याच्या भाराने मोडली असे कोणी मानीत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र भलेभले तसे मानतात. याचे कारण असे की, अपडेटच्या निमित्ताने संगणकाची जी परीक्षा होते, ती एरवी होतच नाही. अनेक संगणकांवर 'शट डाउन' ही आज्ञा दिली तरी 'फास्ट स्टार्टअप' या सोयीमुळे प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते व दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा उचलली जाते. संपूर्ण नव्याने प्रारंभ होतो तो 'रीस्टार्ट' या आज्ञेने. यास्तव रोज संध्याकाळी संगणक बंद करणाऱ्या शिक्षकाचा संगणकही कित्येक आठवड्यांत खऱ्या अर्थाने नव्याने सुरू झालेला नसतो. अपडेट येते, ते जीर्ण डिस्कवर पुष्कळ मजकूर लिहिते, मग रीस्टार्ट करावयास लावते. आणि दोन महिने दबून राहिलेला दोष त्या सकाळी उघड होतो. खेड्यात आणखी एका कारणाची भर पडते. अपडेट चालू असताना वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी उतरलेली असली, तर फाइली अर्धवट लिहिल्या जातात. तेथे अपडेट सदोष नसते, ते अपुरे राहिलेले असते.

तेव्हा निळा पडदा दिसताच घाबरून बटणे दाबीत सुटू नये. (विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत २०२५ पासून हा पडदा काळा असतो.) पडद्यावर जो दोषसंकेत उमटतो त्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. प्रिंटर, पेनड्राइव्ह, वेबकॅम इत्यादी जोडण्या काढून पुन्हा एकदा प्रयत्न करावा. प्रारंभ लागोपाठ दोन-तीन वेळा फसला म्हणजे विंडोज स्वत:च दुरुस्तीचा पडदा उघडते. तेथे 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप सेटिंग्ज' असे जाऊन रीस्टार्ट करावे आणि यादी आल्यावर ४ हा अंक दाबावा. संगणक 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे अगदी आवश्यक तेवढ्याच सामग्रीनिशी, सुरू होतो. नव्या लॅपटॉपवर मध्येच ४८ अंकी 'बिटलॉकर' किल्ली मागितली जाण्याचा संभव असतो. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असते. ती संगणक धड असतानाच वहीत उतरवून ठेवावी, कारण ती हाती नसेल तर डिस्क शाबूत असूनही मजकूर मिळत नाही.

सेफ मोड उघडला की दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी कामाच्या सर्व फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. हा क्रम कोणत्याही सबबीवर बदलू नये. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे जे मोठे अपडेट निघाले, त्याने काही लोकांच्या फाइलीच पुसल्या होत्या. ज्यांनी आपले 'डॉक्युमेंट्स' दुसऱ्या जागी वळविले होते व काही फाइली जुन्या जागीच राहू दिल्या होत्या, त्यांच्या त्या जुन्या जागेतील फाइली निरुपयोगी समजून काढल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टला ते अपडेट काही दिवसांतच थांबवावे लागले व नोव्हेंबरमध्ये ते सुधारून पुन्हा द्यावे लागले. सेफ मोडही उघडत नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडता येते. दुकानदारास 'आधी मजकूर उतरवून दाखवा, मग फॉरमॅट करा' असे स्पष्ट शब्दांत, शक्य तर लिहून, सांगावे.

फाइली सुरक्षित झाल्या म्हणजे निदान स्वस्थपणे करता येते. सेफ मोडमध्ये संगणक तास-दोन तास सुरळीत चालला, तर यंत्रभाग बहुधा ठीक असून दोष एखाद्या ड्रायव्हरात किंवा सॉफ्टवेअरात आहे असे समजावे. तेथेही तो अडकू लागला, तर संशय मेमरी, डिस्क, उष्णता किंवा वीजपुरवठा यांवर घ्यावा. मेमरीची पट्टी काढून तिच्या टोकाचे सोनेरी पट्टे साध्या खोडरबराने हलकेच पुसून ती पुन्हा नीट बसविण्याचा जो उपाय दुकानदार करतात, तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. संपर्क खराब झाला असेल तर त्याने खरोखरच गुण येतो. मात्र त्यापूर्वी वीजजोडणी काढलेली असावी.

संगणक कसाबसा जरी चालत असला, तरी एक साधन फार मोलाचे आहे. स्टार्टच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'रिलायबिलिटी' हा शब्द लिहिला असता 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' हे पान मिळते. हे पान म्हणजे संगणकाचा हजेरीपटच. प्रत्येक दिवसाचा रकाना आखलेला असतो. ज्या दिवशी काही कोसळले तेथे तांबडी फुली, ज्या दिवशी अपडेट बसले तेथे निळी खूण. अपडेटच्या आदल्या आठवड्यापासूनच तांबड्या फुल्या दिसत असतील, तर अपडेट निर्दोष सुटते आणि चौकशी दुसरीकडे वळवावी लागते. फुल्यांची सुरुवात अपडेटच्या दिवसापासूनच होत असेल, तर संशय बळावतो. येथे एक तपशील लक्षात ठेवावा. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होते. भारतात तेव्हा रात्र झालेली असते, म्हणून ते आपल्या संगणकात बहुधा बुधवारी किंवा त्यानंतर येते.

संगणक केव्हा कोसळतो हेही पाहावे. ९ मार्च २०२१ च्या अपडेटनंतर अनेक संगणक एरवी उत्तम चालत, परंतु काही कंपन्यांच्या प्रिंटरांना छपाईची आज्ञा देताच निळा पडदा येई. आठवडाभरात त्यावर दुरुस्ती निघाली. ज्याने 'छापताना कोसळतो' एवढे नोंदविले होते, त्याचे निम्मे निदान झालेले होते. याउलट जानेवारी २०१८ च्या सुरक्षा-अपडेटने एएमडी कंपनीचे जुने प्रोसेसर असलेले काही संगणक मुळीच सुरू होईनासे झाले, व तसल्या संगणकांना ते देणे मायक्रोसॉफ्टने काही काळ थांबविले. तेथे अपडेटवरील आळ खरा होता. १९ जुलै २०२४ रोजी सुमारे ८५ लाख संगणक कोसळले, तेव्हा मात्र विंडोजचे अपडेट कारण नव्हते. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल कारण होती, आणि सेफ मोडमध्ये तेवढी फाइल काढली की बहुतेक संगणक पूर्ववत चालू लागत. फॉरमॅटची गरज नव्हती.

संशय पक्का झाल्यावर दुरुस्तीच्या पडद्यावरील 'अनइन्स्टॉल अपडेट्स' येथून शेवटचे अपडेट काढता येते. आवृत्ती बदलणारे मोठे अपडेट असेल, तर मागे फिरण्याची मुदत सामान्यत: १० दिवसांची असते, म्हणून चालढकल करू नये. बिघाड ड्रायव्हरचा असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या उपकरणापुढे 'रोल बॅक ड्रायव्हर' हा पर्याय पाहावा. काहीही केले तरी एका वेळी एकच बदल करावा, रीस्टार्ट करावे व परिणाम वहीत तारीखवार लिहावा. बॅटरी न लागल्यास मुले सेल, बल्ब सगळेच एकदम बदलतात आणि ती लागल्यावर आनंदतात. कोणता भाग गेला होता हे मात्र त्यांना सांगता येत नाही. चौथी-पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या तासाला हा प्रयोग दोन गटांत जरूर करून घ्यावा.

निकालाच्या दिवसांपुरते अपडेट लांबणीवर टाकावयाचे असल्यास 'सेटिंग्ज'मधील 'विंडोज अपडेट' येथे ते काही आठवडे थांबविता येते. मार्चअखेरीस ही तजवीज करावी, आणि निकाल लागताच, फाइलींची प्रत घेऊन, वीज स्थिर असेल अशा वेळी अपडेट होऊ द्यावे. ते कायमचे बंद ठेवणे योग्य नव्हे, कारण सुरक्षेतील छिद्रे त्यानेच बुजतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, अशा संगणकावर निळा पडदा दिसल्यास अपडेट खरोखर आले होते काय, हे त्या हजेरीपटावरून आधी पडताळून घ्यावे.