घर कुठे, धंदा कुठे? भिवंडीत राहायचं ठरवण्याआधी हा हिशोब करा



या आठवड्याच्या व्हिडिओत आकडे जरा पटापट गेले, म्हणून तोच विषय इथे सविस्तर लिहून देते. वही-पेन घेऊन बसा.

माझ्या बॅचमध्ये दोन प्रकारचे लोक असतात. एक म्हणतात, "मॅडम, भिवंडीत आता काही राहिलं नाही, कल्याण-ठाण्याला शिफ्ट होऊ का?" दुसरे म्हणतात, "तिकडचं भाडं झेपत नाही, भिवंडीत राहायला येऊ का?" दोघांनाही मी आधी एकच विचारते: तुमचं गिऱ्हाईक कोणाच्या पगारावर जगतं? याचं उत्तर मिळाल्याशिवाय घर बघायला जाऊ नका.

आधी गाव समजून घ्या

भिवंडीत आज दोन वेगळे बाजार आहेत. पहिला यंत्रमागाचा. इथले बरेच मागवाले मजुरीवर काम करतात, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि विणकाम आपलं. सुताचा भाव हलला, वीजबिल वाढलं किंवा कापडाला उठाव नसला की माग बंद. २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी आणि २०२० चं लॉकडाऊन असे तीन धक्के पाठोपाठ बसले. कित्येकांनी माग भंगारात काढले. कारागीर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातले. काम थांबलं की ते गावी जातात. त्यांच्यासोबत चहावाल्याचं, खानावळीचं, किराणावाल्याचं, मोबाईल रिचार्जवाल्याचं गिऱ्हाईकही जातं.

दुसरा बाजार गोडाऊनचा. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात आणि नाशिक हायवेच्या बाजूला. मुंबईला जकात होती, तेव्हा जकात नाक्याबाहेर माल ठेवायला ही जागा सोयीची होती. जकात गेली, जीएसटी आला, तरी गोडाऊन वाढतच राहिले, कारण मुंबई जवळ, हायवे जवळ आणि जेएनपीटीचं बंदरही आवाक्यात. तिथे शिफ्टमध्ये काम चालतं आणि पगार बहुतेक कंत्राटदारामार्फत होतो.

म्हणजे एकाच तालुक्यात एका बाजूला मंदी आणि दुसऱ्या बाजूला कामाची गर्दी. "भिवंडी डाऊन आहे" असं सरसकट बोलणाऱ्याला विचारा, कुठली भिवंडी?

मुख्य धडा: घर आणि धंदा एकाच आधारावर टांगू नका

गिरणगावाचं उदाहरण घ्या. लालबाग-परळच्या चाळीत बायका घरातच खानावळ चालवायच्या. राहतं घर तेच, धंद्याची जागा तीच आणि गिऱ्हाईक म्हणजे गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, माणसं गावी गेली. ज्या खानावळीत फक्त गिरणीवालेच जेवायचे तिचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. याच बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं होतं. या संस्थेनं बायकांना कर्ज मिळवून दिलंच, शिवाय केटरिंगचं कामही उभं केलं. म्हणजे गिरणीच्या पगारावर न जगणारं गिऱ्हाईक शोधलं.

आणि त्या गिरण्यांचं कापडाचं काम कुठे गेलं? बरंचसं भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांत आलं. एका गावाची मंदी ती दुसऱ्या गावाची तेजी झाली. आता तीच पाळी आपल्यावर आहे, म्हणून नीट ऐका.

समजा तुमचं दुकान मागाच्या वस्तीत आहे आणि त्याच गल्लीत तुम्ही कर्ज काढून फ्लॅट घेतला. माग बंद पडले की गल्ला कमी होतो. नेमक्या त्याच वेळी फ्लॅटलाही गिऱ्हाईक मिळत नाही आणि भाडेकरूही मिळत नाही. हप्ता मात्र चालू. म्हणून तीन नियम लिहून घ्या.

१. गिऱ्हाईक मागावर अवलंबून असेल तर घर भाड्याचं ठेवा. दुकानाजवळ राहा, पण निदान पहिली दोन-तीन वर्षं घर विकत घेऊ नका.

२. वस्तीत वडिलोपार्जित घर असेल तर ते सोडायची घाई नको, भाडं वाचतंय. मग धंद्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या बाजारातून आणा: गोडाऊनला डबे, पॅकिंगचं सामान, युनिफॉर्म शिलाई, चहा-नाश्ता.

३. दोन्ही एकाच वस्तीत ठेवण्यावाचून पर्याय नसेल तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. नवीन माल भरायच्या आधी हे करा.

आता वहीत आकडे

हे आकडे समजण्यापुरते धरलेत. तुमचे तुम्ही टाका.

दुकान भिवंडीत आहे. महिन्याचा निव्वळ नफा २६,००० रुपये. रोज १० तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे २६० तास. तुमचा एक तास १०० रुपयांचा.

पर्याय अ, कल्याणला घर: भाडं १२,०००. प्रवास २,५००. रोज अडीच तास जाण्या-येण्यात, महिन्याला ६५ तास, त्याचे ६,५००. एकूण २१,०००.

पर्याय ब, भिवंडीत घर: भाडं ८,०००. प्रवास ५००. रोज अर्धा तास, महिन्याला १३ तास, त्याचे १,३००. वर पिण्याच्या पाण्याचे जार, इन्व्हर्टर, मुलांची शाळेची व्हॅन असे २,७०० धरा. एकूण १२,५००.

फरक ८,५०० रुपये. याचा अर्थ "भिवंडीतच राहा" असा होत नाही. कल्याणला राहण्यासाठी तुम्ही महिन्याला ८,५०० मोजताय, एवढंच हा हिशोब सांगतो. त्या बदल्यात रेल्वे, शाळा, दवाखाना मिळतोय आणि घरच्यांना ते हवंय, तर खुशाल मोजा. पण माहीत असून मोजा.

इथे दोघे हटकून विचारतात, "पण मेट्रो येणार ना?" ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ ही सुमारे २५ किलोमीटरची. डिसेंबर २०१८ मध्ये भूमिपूजन झालं आणि २०२४ संपलं तरी आपण रिक्षातच होतो. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर आहे, पण गाड्या मोजक्या. म्हणून हिशोब आजच्या रस्त्याचा आणि आजच्या ट्रॅफिकचा करा. "मेट्रो येणार" म्हणून कोणी जास्त भाव सांगत असेल तर तो भाव आज देऊ नका.

जिथे पैसे वाचवायचे नाहीत

२१ सप्टेंबर २०२० ला पहाटे पटेल कंपाऊंडमधली जिलानी इमारत कोसळली, चाळीसच्या आसपास जीव गेले. एप्रिल २०२३ मध्ये वळपाड्याची इमारत पडली, त्यात ८ जण गेले. तिथे खाली गोडाऊन होतं आणि वर माणसं राहत होती. दोन हजार रुपये भाडं वाचतंय म्हणून अशा ठिकाणी पोरंबाळं घेऊन जाऊ नका. टोकन देण्याआधी एवढं करा:

– पालिकेच्या प्रभाग कार्यालयात विचारा, इमारत धोकादायक यादीत आहे का? पालिका दरवर्षी पावसाळ्याआधी ही यादी काढते.
– इमारत ३० वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा कागद मागा. कायद्यानं तो लागतो.
– खाली माग किंवा जड मालाचं गोडाऊन असेल तर दुसरं घर बघा.
– शेजारच्या तीन घरांत विचारा, पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ असतं. एजंटला विचारू नका.
– जमलं तर एकदा जुलैमध्ये जाऊन बघा. कामवारीच्या काठच्या सखल भागात पाणी भरतं.

कागद नसेल तर स्वस्त घर महाग पडतं

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. "करार कशाला, विश्वास ठेवा" म्हणणारा मालक भाडं कमी लावेल, पण पुढे काय? घरातून धंदा करायचा तर जीएसटी नोंदणीला जागेचा कागद लागतो, लाईट बिल लागतं. मुद्रा कर्जाला बँक पत्ता तपासते. दर अकरा महिन्यांनी पत्ता बदलणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी पुन्हा धावपळ. म्हणून भाड्यासोबत मालकालाही विचारून घ्या: कागद देणार का, आणि करार पुढे वाढवणार का?

शेवटचं एक. पद्मानगरला तेलुगू चालतं, कुठे उर्दू-हिंदी, कामतघरला मराठी. तुमचं गिऱ्हाईक ज्या भाषेत भाव करतं, त्या भाषेत तुम्हाला बोलता येतं का? ओळख आणि उधारीचा अंदाज वस्तीत राहूनच येतो. नवीन दुकानदाराला त्याचा मोठा आधार असतो.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीच्या एका पानावर चार रकाने करा: भाडं, वेळ, सुरक्षितता, कागद. बघितलेल्या प्रत्येक घराला एक ओळ. पानाच्या खाली मोठ्या अक्षरात लिहा: "माझं गिऱ्हाईक कोणाच्या पगारावर जगतं? आणि तो पगार सहा महिने थांबला तर हे घर मला परवडेल का?"

उत्तर "हो" आलं तर घर घ्या, भाड्यानं किंवा विकत. "नाही" आलं तर अजून चार घरं बघा, घाई नाही.

पुढच्या व्हिडिओत दुकानाचं डिपॉझिट किती द्यावं ते बघू. तोपर्यंत वही भरून ठेवा!