राजाला एक हुकूम काढू दे

तेलगाव, ता. धारूर, जि. बीड

चि. छोटी,

तुझ्या कादंबरीची पहिली प्रकरणं वाचली. डोंगरापलीकडचं ते राज्य, तिथले किल्ले, बोलणारे पक्षी मनापासून आवडले. राजा मात्र अजून उभा राहिलेला नाही. प्रजेचा त्याच्यावर जीव होता असं तू पुन्हा पुन्हा लिहितेस, पण त्यानं केलं काय, ते कुठंच येत नाही. राज्य कल्पनेतलं असू दे, जीव लावण्याचं कारण खरं हवं.

त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांचं चरित्र वाच. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कोल्हापूरचा कारभार हाती घेतला, तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. पुढं दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली. २६ जुलै १९०२ ला हुकूम काढून संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या समाजांसाठी राखल्या. बड्या मंडळींनी टीका केली, तरी हुकूम मागं घेतला नाही. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं.

नुसत्या हुकुमानं शिवाशीव जात नाही. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळे यांना मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना चहाचं दुकान काढून दिलं आणि कोल्हापुरात सगळ्यांच्या देखत तिथला चहा घेतला. सोबतच्या मानकऱ्यांनाही तो घ्यावा लागला. तुझ्या राजाला असा एक प्रसंग दे. त्यात त्याला स्वतःचं काहीतरी पणाला लावावं लागू दे.

आपल्या भागानं निजामाची राजवट सोसली. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण सुटलो. म्हणून सिंहासन दिसलं की हात जोडायची सवय तुझ्या लेखणीला नको. राजाला तपासून घे, आणि तपासायला प्रजेतला शेवटचा माणूस उभा कर.

तो शोधायला लांब जायला नको. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची आगाऊ उचल घेतलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या इथून निघतात. काही कोल्हापूरकडं ऊस तोडायला जातात, पोरं शाळा सोडून आईबापाबरोबर कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात. तसं एक पोर तुझ्या राज्यात आण. राजाचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचतो का, वाटेत कोण अडवतं, अडवणाऱ्याचं राजा काय करतो, हे लिही. तुझी कथा तिथंच आहे.

आणि राजाला सगळं पुरं करू देऊ नकोस. भोगावतीवरचं राधानगरी धरण महाराजांनी सुरू केलं, पण ६ मे १९२२ ला ते गेले तेव्हा काम अपुरंच होतं. पुढच्यांनी ते तडीस नेलं. राजा गेल्यावरही लोकांनी त्याचं काम हाती घ्यावं, याहून मोठं प्रेम कोणतं?

पुढचं प्रकरण असंच लिही आणि पाठव. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा