ट्रान्सफॉर्मर गेला म्हणण्याआधी

जालन्याच्या एमआयडीसीत इंडक्शन फर्नेस आणि रोलिंग मिलांच्या शेजारी ज्यांनी सीएनसी मशीन चालवलं, त्यांना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर कशाला हवा हे सांगावं लागत नाही. फर्नेसच्या कन्व्हर्टरमुळे लाइनवर पाचवी-सातवी हार्मोनिक चढते, व्होल्टेज हेलकावे खातं आणि ड्राइव्ह अलार्म देऊन बसतो. पण गोष्ट बिघडली की पहिला आळ याच ट्रान्सफॉर्मरवर येतो, आणि माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा खोटा निघतो.

एका वर्कशॉपमध्ये जुनं जपानी लेथ होतं. त्याला 200 व्होल्ट थ्री फेज लागतं, म्हणून 415 चे 200 करणारा डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर लावलेला. लोड आला की ड्राइव्ह अंडरव्होल्टेजवर ट्रिप व्हायचा. मी पोचलो तेव्हा मालकांनी रिवायंडिंगला न्यायला टेम्पो बोलावलेला. वायरमन म्हणाला, "साहेब, क्वाइल गेली. बघा ना, अर्थला एका फेजवर 66, दुसऱ्यावर 140, तिसऱ्यावर 154."

आकडे खरे होते, अर्थ चुकीचा होता. सेकंडरीचा स्टार पॉइंट अर्थला जोडलेलाच नव्हता. अशा तरंगत्या वाइंडिंगचं अर्थशी नातं फक्त वाइंडिंग आणि केबलच्या कपॅसिटन्सपुरतं असतं, आणि डिजिटल मल्टिमीटर तेवढ्यावरही आकडा दाखवतो. फेज ते अर्थ टेस्ट लॅम्प लावा. एकाही फेजवर पेटला नाही तर सेकंडरी खरंच तरंगती आहे, आणि कुठंही बॉडीला लागलेली नाही. दोन फेजवर पेटला आणि तिसऱ्यावर नाही, तर तो तिसरा फेज कुठंतरी बॉडीला टेकलाय. तिन्हींवर सारखाच मंद पेटला तर स्टार पॉइंट अर्थ केलेला आहे. सेकंडरी 415 ची असेल तर लॅम्पमध्ये दोन बल्ब सिरीजमध्ये हवेत, एक फुटेल.

मग फेज ते फेज मोजलं. लोड नसताना तिन्ही 200 च्या आसपास. स्पिंडल फिरवून मोजलं तर आर-बी 198, पण आर-वाय आणि वाय-बी 170 च्या खाली. दोन कमी आकड्यांत जो फेज सामाईक, तिथंच हात घालायचा. सप्लाय बंद करून, फ्यूज काढून खिशात टाकले आणि वाय फेजचं थिंबल बघितलं. नट हातानं फिरत होता, लगचं तांबं काळंनिळं झालेलं, स्लीव्ह विरघळून चिकटलेली. नवीन थिंबल क्रिंप केलं आणि मशीन चाललं. टेम्पोवाल्याला भाडं तेवढं द्यावं लागलं.

दुसरा आळ चालू करतानाचा. एमसीबी कधी पडतो, कधी राहतो, आणि लोक शॉर्ट शोधत बसतात. चालू करायच्या क्षणावर अवलंबून ट्रान्सफॉर्मर पहिल्या काही सायकलमध्ये फुल लोडच्या आठ-दहा पट करंट ओढू शकतो. सी कर्व्हचा एमसीबी 5 ते 10 पटीला पडतो, डी कर्व्हचा 10 ते 20 पटीला. प्रायमरीला डी लावा. नो-लोड करंट तिन्ही फेजला सारखा नाही म्हणूनही घाबरू नका. तीन लिंबच्या कोअरमध्ये मधल्या लिंबाचा चुंबकीय रस्ता आखूड असतो.

मेगर मात्र टाळू नका. दोन्ही बाजूच्या वायरी सोडा, विशेषतः ड्राइव्हकडच्या, नाहीतर ट्रान्सफॉर्मर धड निघेल आणि ड्राइव्ह जाईल. 500 व्होल्टवर प्रायमरी-सेकंडरी, प्रायमरी-बॉडी, सेकंडरी-बॉडी घ्या, आणि नंतर वाइंडिंग डिस्चार्ज करा. एक मेगओहमच्या खाली असेल तर सप्लाय देऊ नका. आपल्याकडे मिलांची काळी लोखंडी धूळ वाइंडिंगवर बसते आणि पहिल्या पावसात ती ओल धरते. कोरड्या हवेनं धूळ काढा, बॉक्समध्ये बल्ब लावून रात्रभर वाळवा, मग परत मोजा. बऱ्याचदा रीडिंग वर येतं.

आता खरी धोक्याची गोष्ट. तरंगत्या सेकंडरीत पहिला अर्थ फॉल्ट मुकाट असतो. एका कारखान्यात चिपांनी केबल कापली, फेज बॉडीला लागला, काहीच ट्रिप झालं नाही. पुढे दुसरा फेज दुसरीकडे लागला आणि पॅनलमध्ये भडका उडाला. ऑपरेटर चहाला गेला होता म्हणून वाचला. ऑपरेशन थिएटरमध्ये अशी सेकंडरी मुद्दाम तरंगती ठेवतात, पण तिथं पहिल्याच फॉल्टला अलार्म देणारं इन्सुलेशन मॉनिटर असतं. वर्कशॉपात ते नसेल तर स्टार पॉइंट एकाच जागी अर्थ करा. "मग आयसोलेशन कुठं राहिलं?" असं मालक विचारतात. लाइनच्या न्यूट्रलशी संबंध तुटलेलाच राहतो. फक्त आता न्यूट्रल आपला स्वतःचा असतो, आणि फेज बॉडीला लागला की एमसीबी पडतो.

आणि जे केलं असेल ते, "स्टार पॉइंट अर्थ आहे" किंवा "नाही", पॅनलच्या दारावर आतून रंगानं लिहून ठेवा. रात्रपाळीच्या वायरमनला विचारायला कोणी नसतं.