पहिली वही भरल्यावर

घरच्या गोष्टींची पहिली वही भरली म्हणतेस, बाय, तर आधी शेवटच्या पानावर तारीख, गाव आणि ज्यांच्याकडून ऐकलंस त्यांची नावं लिहून टाक. आपल्या माणसांना साल आठवत नाही. 'धाकट्याच्या बारशाआधी', 'ज्या वर्षी गोठा पडला' असंच सांगतात. तू तसंच लिही आणि साल मागाहून शोधून समासात मांड.

पेढे वाट हवे तर, पण वही भरल्याचा खरा सोहळा म्हणजे वाचन. गणपतीत चाकरमानी आले की दुपारची जेवणं उरकल्यावर ओटीवर बस आणि एकच गोष्ट मोठ्यानं वाच. सगळी वही नको, माणसं पेंगतात. कोणीतरी मध्येच म्हणणारच, "छे गो, तेव्हा तिथे गडगा नव्हताच!" वाद घालू नकोस. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, नावानिशी उतरव. त्यासाठीच पुढच्या वहीत उजव्या पानावर लिही, डावं मोकळं ठेव. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही राहू देत. कोण खरं याचा निवाडा करायला तू बसलेली नाहीस.

बारीकसारीक मात्र गाळू नकोस. महर्षी कर्व्यांचं 'आत्मवृत्त' 1915 सालचं. आपल्याच दापोलीतल्या मुरुडहून ते परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले, सुमारे 110 मैल. तिथे सतरा वर्षांचे दिसत नाहीत म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. 'फार कष्टानं शिकले' एवढंच वाचलं असतं, तर मी केव्हाच विसरले असते. तू लिहिलंयस, 'आजोबा लांबच्या शाळेत जात.' कोणत्या पाणंदीनं? व्हाळाला पाणी आलं की कुठे थांबत? जाऊन विचार, सांगणारे आहेत तोवर.

छापायची घाई नको. वरसईचे गोडसे भटजी 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. 'माझा प्रवास' त्यांनी लिहिला 1883 च्या सुमारास. पुस्तक निघालं 1907 मध्ये, ते गेल्यावर. इतकी वर्षं मधे गेली तरी आज आपण ते वाचतोच. थांबल्यानं लिहिलेलं वाया जात नाही, म्हणून ज्या गोष्टीनं घरातल्या हयात माणसाला मान खाली घालावी लागेल, ती लिही जरूर, पण सुट्या कागदावर, पाकिटात बंद करून. ओटीवर ती वाचायची नाही.

आपल्याकडे पाऊस कागदाचा वैरी. जेलपेनानं लिहू नकोस, ओल लागली की अक्षरं पसरतात, बॉलपेन बरं. आगोटीला वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेव. दसऱ्यानंतर ऊन पडलं की पानं उलगडून वारा दे. एक झेरॉक्स मुंबईला काकाकडे असू दे.

आणि एक, मनापासून सांगते. तुझ्या वहीत पुरुषच फार झाले. त्यांच्या नोकऱ्या, त्यांचे कोर्टकज्जे. बायका दिसतात त्या पंगतीत वाढताना. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी निघाली, त्यात संसारातल्याच गोष्टी आहेत आणि त्या वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही. पुढची वही आजीपासून सुरू कर. चार माणसांत विचारलंस तर ती "माझं कसलं काय गो" म्हणून उठून जाईल. मे महिन्यात रातांबे फोडायला बसते, तेव्हा तूही पाट घेऊन शेजारी बस. हात कामात असले की ती बोलते. माहेरचं विचार, तिथून पुढचं ती आपणहून सांगेल. त्या वेळी वही-पेन पुढ्यात नको. रात्री सगळे निजल्यावर लिहून काढ आणि अडलं ते दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार.