कबड्डीनंतरचा गुडघा

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या बॅडमिंटनपटू सायना नेहवालने २०२४ साली एका मुलाखतीत सांगितले, की तिच्या गुडघ्यांना संधिवाताने घेरले आहे, कूर्चा खराब झाली आहे आणि दिवसाला आठ-नऊ तास सराव करणे आता फार अवघड जाते. तेव्हा ती अवघी ३४ वर्षांची होती. संधिवात म्हणजे म्हाताऱ्यांचे दुखणे, असे मानणाऱ्यांनी हे वय ध्यानात घ्यावे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, पांढुर्णा-सौंसरच्या गावांमध्ये, सायनाइतका सराव कोणी करत नसेल. पण कबड्डीत गुडघ्यावर येणारा भार काही कमी नसतो. अचानक वळायचे, पकड बसली की पाय पिळवटून सोडवायचा, तोही टणक मातीवर. तरुणपणी अस्थिबंध किंवा गादी फाटली आणि ती नीट बरी होऊ दिली नाही, तर तोच गुडघा पुढे लवकर झिजतो. मग गावात म्हणतात, ‘गुडघे धरले.’

इथून दोन वाटा फुटतात आणि दोन्ही घातक आहेत. पहिली वाट म्हणजे गोळी घेऊन, सुई टोचून खेळत राहणे. अमेरिकेतला बेसबॉलपटू सँडी कोफॅक्स याच वाटेने गेला होता. डाव्या कोपरात संधिवात, तरीही कॉर्टिसोनची इंजेक्शने आणि वेदनाशामके घेऊन त्याने १९६६ च्या हंगामात २७ सामने जिंकून दिले. त्याच वर्षी, कारकीर्द ऐन भरात असताना, वयाच्या तिसाव्या वर्षी तो थांबला. पुढचे अख्खे आयुष्य हात वापरता यावा, हे त्याचे कारण होते. नंतर तो टीव्हीवर सामन्यांचे समालोचन करू लागला. ज्या वयात माणूस ‘अजून एक मोसम’ म्हणतो, त्या वयात थांबायला मोठे धैर्य लागते.

दुसरी वाट त्याहून मोहाची: खेळ सुटला, आता बसून राहायचे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिचे पोषण होते आणि सांधा हलला, दाबला, सुटला की तो द्रव आत-बाहेर होतो. बसून राहिलेल्या माणसाच्या मांडीचे स्नायू लुळे पडतात, वजन वाढते आणि गुडघ्याचा आधारच जातो. एक किलो वजन कमी केले, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे अभ्यासात दिसले आहे. म्हणून बंगईवर दुपार काढण्यापेक्षा खुर्चीत ताठ बसून एकेक पाय सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा आणि हळूच खाली आणावा. खेळ असो वा नसो, एवढे रोजचे हवेच.

खेळाच्या जागी काय, याचे सर्वांत बोलके उत्तर एका चित्रकाराच्या आयुष्यात सापडते. फ्रान्सचा रेन्वार १८९७ मध्ये सायकलवरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. त्याच सुमारास त्याला आमवाताने गाठले. बोटे वाकडी झाली, खांदा आखडला, १९१२ पासून चाकाची खुर्ची आली. हातांची लवचीकता टिकावी म्हणून तो चेंडू झेलायचा. तेही जमेना, तेव्हा लाकडी काठी हवेत उडवून झेलू लागला. मोठ्या चित्रापर्यंत हात पोहोचेना म्हणून कापड रुळांवर गुंडाळून समोर सरकवण्याची सोय केली. ब्रश दुसऱ्याने बोटांत अडकवून दिला, तरी तो रंगवत राहिला, १९१९ मध्ये मरेपर्यंत. त्याने आपले काम शरीराच्या मापाचे करून घेतले. ही युक्ती पांढुर्ण्यातही तशीच चालते: मूठ आवळत नसेल, तर खुरप्याच्या किंवा ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करावा.

नवा छंद निवडताना आधी दुखणारा सांधा पाहावा, मग खेळातले नेमके काय आवडत होते ते आठवावे. सोबत आवडत असेल, तर भजनी मंडळ आहेच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी या भागात घरोघरी माहीत आहे. गुडघे दुखणाऱ्याने ती जरूर वाजवावी, फक्त सतरंजीवर मांडी घालून नव्हे, खुर्चीत बसून. मंडळींना त्यात कमीपणा वाटू नये. बोटांचे सांधे सुजलेल्याने मात्र खंजिरी सोडून गळा वापरावा.

चढाओढ हवी असेल, तर बुद्धिबळ. शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बटुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून घरातली पोरेही शिकायला तयार असतात. कबड्डीच जीव की प्राण असेल, तर नियम नीट शिकून गुणलेखक व्हावे. चढाई तीस सेकंदांची असते आणि ती जाणत्या डोळ्यांनी पाहणारा माणूस गावाला हवाच असतो. हातांच्या कौशल्याची हौस असणाऱ्याने संत्र्याकडे वळावे. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधायला चिकाटी लागते. वाफ्याशी उकिडवे बसू नये, पिशव्या टेबलावर ठेवून उभ्याने किंवा स्टुलावर बसून बांधावे. मोकळ्या हवेची सवय असेल, तर सपाट रस्त्यावर सायकल. सीट इतकी उंच, की पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील.

सांधे बदलले म्हणजे पुन्हा मैदान, असा समज अनेकांचा आहे. अटलबिहारी वाजपेयींच्या गुडघ्यांवर २००० आणि २००१ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत याच मध्य प्रदेशातले. अशा शस्त्रक्रियेनंतर चालणे, पोहणे, सायकल बहुतेकांना जमते. कबड्डीचे धक्के मात्र त्या गुडघ्याला द्यायचे नसतात.

सकाळी बोटे तासभर आखडलेली राहत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर ती साधी झीज नसून आमवात असू शकतो. तिथे उशीर परवडत नाही. संधिवाततज्ज्ञाला गाठावे. बिननावाच्या पुडीने दोन दिवसांत जादू झाली, तर तिच्यात स्टेरॉइड असल्याची शंका घ्यावी. मेथोट्रेक्सेट लिहून दिली असेल, तर आमवातात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली, तर जिवावर बेतते. घरातल्यांनीही वार लिहून ठेवावा.

बाकी छंदाचे माप सोपे आहे. काम संपल्यावर दोन तासांनीही सांधा आधीपेक्षा जास्त दुखत असेल, तर पुढच्या वेळी थोडे कमी करायचे, बंद नाही. आणि डॉक्टरांकडे जाताना ‘गुडघा दुखतो’ एवढेच सांगून थांबू नये. ‘मला सायकल चालवायची आहे’, ‘मला डोळे बांधायचे आहेत’ असे सांगावे. व्यायाम मग त्या कामासाठीच आखून घेता येतो.